चाच्यांची बखर

"चोरी माझ्या घरी झाली आहे. पण मी आलोय तो माझ्या चौकीदारासाठी," पाहुणा म्हणाला आणि खुर्चीवर बसण्याआधीच त्याने टोपी टेबलावर ठेवली.

दुबईत देऱ्याच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गोदामाच्या माडीवर हमदुल्ला परकारचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि रफिक मुकादम. हमदुल्ला पूर्वी मुंबईत पोलिसात होता. आता व्यापाऱ्यांचा गहाळ झालेला माल शोधून द्यायचा. रफिक त्याच्याच गावचा, दापोलीकडचा. टायपिंग झकास करायचा आणि अंदाज हटकून चुकीचा सांगायचा. हमदुल्लाला स्वतःच्या हुशारीचा अभिमान जरा जास्तच होता, आणि तो वाढवायला रफिकसारखा सोबती बरा पडतो.

१९६५ सालचा नोव्हेंबर, बुधवारची सकाळ. पाहुण्याचं नाव ओटो ब्रून्स. हांबुर्गचा बंदर-इंजिनियर, वय पासष्टच्या पुढे. उम्म अल कुवैनच्या खाडीची खोली मोजायला दोन वर्षांपूर्वी आलेला. हिंदुस्थानी मोडकंतोडकं, पण न अडखळता बोलायचा.

"काय चोरीला गेलं?"

"एक पुस्तक. हाताने लिहिलेलं. चारशे वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने उतरवलेली चाच्यांची बखर. सोमवारी संध्याकाळी कळलं, ते जागेवर नाही. मी मूर्खासारखा आरडाओरडा केला. शेखांच्या माणसांनी मंगळवारी वलीला उचलून किल्ल्यात ठेवलं. उद्या दुपारी त्याला ग्वादरच्या लाँचवर चढवणार."

"वली म्हणजे चौकीदार?"

"हो. बलुची. दोन वर्षं माझी किल्ली त्याच्याकडे आहे. चार मुलं आहेत त्याला. चोर म्हणून परत गेला तर या किनाऱ्यावर कुणी त्याला दारात उभं करणार नाही. पुस्तक नाही मिळालं तरी चालेल, त्याचं नाव स्वच्छ करा."

हमदुल्ला उठला. "यल्ला, रफिक. ओहोटी आहे तोवर निघू."

लँडरोव्हर किनाऱ्याच्या ओल्या वाळूवरून उम्म अल कुवैनकडे धावू लागली. वाटेत ब्रून्सने बखर सांगितली. सहाशे वर्षांपूर्वी उत्तरेच्या समुद्रात डेन्मार्कशी लढाई चालली होती. राजेलोकांनी खलाशांना परवाने दिले, शत्रूची जहाजं लुटा म्हणून. मग तह झाला, परवाने संपले. माणसं मात्र समुद्रावरच राहिली. ती हांबुर्गच्या व्यापाऱ्यांची गलबतं मारू लागली. लूट सगळ्यांत सारखी वाटायची, म्हणून स्वतःला म्हणवायची समान वाटेकरी. शेवटी हांबुर्गने त्यांना पकडून मुंडकी उडवली.

"या किनाऱ्यालाही इंग्रज चाच्यांचा किनारा म्हणायचे," ब्रून्स म्हणाला. "माझा मित्र मोहिद्दीन म्हणतो, आधी परवाना देणारा कोण होता ते विचारा. दर शुक्रवारी मी त्याला चार पानं वाचून दाखवतो. तुमच्याच मुलखातला आहे. रत्नागिरीचा."

ब्रून्सचं घर खाडीजवळ होतं. पुढे बैठकीची खोली, मागे अंगण, अंगणात मोरी आणि पाण्याचा मोठा रांजण. बैठकीत कोपऱ्यातल्या मेजावर शिसवी लाकडाचा एक कोरीव रेहल, पुस्तक ठेवायची घडीची घोडी, उघडा ठेवला होता.

"रेहलवर?" रफिक चमकला. "त्याच्यावर तर कुराण ठेवतात."

"ठाऊक आहे. तो मोहिद्दीनच्या बायकोचा, नूरजहाँचा. ती गेली, त्यानंतर त्याने मला दिला. म्हणाला, तुमचं पुस्तक जड आहे, सपाट ठेवाल तर पाठ मोडेल. मी नको म्हणत होतो."

"पुस्तक नाही हे कसं कळलं?" हमदुल्लाने विचारलं.

"वर नेहमी एक रुमाल झाकलेला असतो. सोमवारी संध्याकाळी मला पानं मोजायची होती, रुमाल उचलला तर खाली माझं भरती-ओहोटीचं जाडं पुस्तक! मोजायचं नसतं, तर शुक्रवारपर्यंत कळलंच नसतं."

"चोराला वेळ हवा होता. पळायला," रफिक म्हणाला.

या वेळी हमदुल्लानेही मान डोलावली. त्याने रेहल उचलून उजेडात धरला. लाकडाचं पॉलिश उडालं होतं, रेषा फुगून वर आल्या होत्या. जिथे दोन फळ्या एकमेकींत अडकतात त्या खाचेत मातीचा वाळलेला थर होता. त्याने नखाने तो कोरून बोटावर घेतला.

"समुद्राची वाळू," रफिक कुजबुजला. "चोर होडीने आला."

"समुद्राची वाळू चिकटून बसत नाही, रफिक. ही माती आहे. पाण्यात कालवलेली."

स्वयंपाकघरात झुबेदा होती. श्रीवर्धनची विधवा बाई, ब्रून्सचं जेवण बघायची. वलीचं नाव निघताच तिने पदर डोळ्यांना लावला.

"मी सोमवारी संध्याकाळी त्याला किती बोलले, भाई! दुपारी गाढववाल्याने रांजण काठोकाठ भरून दिला, आणि पाच वाजता बघते तर तळ दिसतोय. मोरीत हा चिखल! इथे गोडं पाणी दोन दिवसांनी येतं. वली कसमा खात होता, मी थेंब घेतला नाही म्हणून. आता वाटतं, उगाच बोलले."

"सोमवारी दुपारी घरात कोण कोण होतं, आपा?"

"साहेब चार वाजता खाडीवर गेले. मी बाजारात. साहेबांचा टायपिस्ट जहूर बाजूच्या खोलीत टाइप करत बसला होता, पाचला गेला. मोहिद्दीनचाचा चहाला आले असतील, रोज येतात. वली दारात."

"चाचा आता कुठे आहेत?"

"मंगळवारी पहाटे लाँचने दुबईला गेले. शिडं शिवतात ना ते, त्याचं सामान आणायला. आज परत येतील इन्शाल्ला. बिचाऱ्यांना वलीचं काही ठाऊकही नसेल."

"चाचांना जर्मन येतं?"

झुबेदा रडता रडता हसली. "अकरा वर्षं जर्मन बोटींवर सारंग होते, खलाशांचे मुकादम. पण शब्द येतात चार. हो, नाही, दोर, आणि एक जेवायला बसताना विचारायचा."

"विचारायचा म्हणजे?"

"ते मला काय ठाऊक? ते सांगतात, तो शब्द विचारल्याशिवाय बोटीवर ताटाला हात लावला नाही कधी."

जहूर मूळचा हैदराबादचा, तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला. त्याने मराठी ऐकून घेतलं आणि हिंदीत उत्तर दिलं. "साब, मेरा इंटरव्ह्यू है अबुधाबी में. ऑइल कंपनी. मैं किताब चुराके फ्यूचर खराब करूँगा क्या?"

"दुबईत एका गोऱ्याला जुनी पुस्तकं हवी होती. तू त्याला भेटलास," हमदुल्लाने अंधारात दगड मारला. तो लागला.

जहूर पांढरा पडला. "सिर्फ रेट पूछा था. साहब को बताया भी था. साहब बोले, बेचना नहीं, म्युझियम को देना है. फिर रविवार को उन्होंने म्युझियम के लिए लेटर टाइप करवाया. पूरा जर्मन में. एक एक अक्षर बोलते थे, मैं मारता था. मतलब मुझे कुछ पता नहीं."

त्याने कार्बन प्रत दिली. हमदुल्लाला जर्मन येत नव्हतं, पण इंग्रजी अक्षरं वाचता येत होती. पुस्तकाची लांबी, रुंदी, पानांचा आकडा. मग एक लांबलचक शब्द: श्वाइन्सलेडर. त्याने त्या शब्दाखाली नखाने रेघ ओढली आणि ब्रून्सकडे गेला.

"हे पत्र तुम्ही कुणाला वाचून दाखवलंत?"

"चुका तपासायला मोठ्याने वाचलं, रविवारी चहाच्या वेळी. जहूर होता, मोहिद्दीन होता. मोहिद्दीन मधेच उठला, नमाजची वेळ झाली म्हणाला. चहा अर्धा तसाच राहिला."

"चहा अर्धा टाकून ते आधी कधी उठले होते?"

ब्रून्सने आठवून पाहिलं. "कधीच नाही."

हमदुल्लाने त्याला बाजूला नेऊन आणखी एक प्रश्न विचारला. रफिकला फक्त ब्रून्सचा चेहरा दिसला. माणसाला स्वतःच्या घरात एखादी पायरी चुकावी तसा तो झाला होता.

"सापडलं, रफिक," हमदुल्ला बाहेर येत म्हणाला. "लाँच आली की सगळ्यांना बैठकीत बोलव. शेखांच्या ऑफिसातल्या अहमदलाही."

चारच्या सुमारास सगळे जमले. अहमद हा शेखांच्या कचेरीतला तरुण अधिकारी, मुंबईला शिकलेला, भिंतीला टेकून उभा राहिला. जहूर आणि झुबेदा बाकावर. सगळ्यात शेवटी मोहिद्दीन आला. सत्तरीचा, उंच, खांद्यात थोडा वाकलेला. लाँचवरून उतरल्या उतरल्या रफिकने त्याला इथे आणलं होतं. काखेत शिडाच्या कापडात बांधलेलं गाठोडं होतं.

"वलीला कोंडलंय म्हणतात, ते खरं?" तो दारातच म्हणाला. "साहेब, मला आधी दोन शब्द—"

"चाचा, बसा," हमदुल्ला म्हणाला. "तुमची पाळी येईल."

मोहिद्दीन बसला. गाठोडं त्याने मांडीवर घेतलं.

हमदुल्लाने खोलीत एक फेरी मारली. त्याला हा क्षण फार आवडायचा. त्याच्या सगळ्या धंद्यात एवढी एकच गोष्ट त्याला पैशापेक्षा गोड वाटायची, हे रफिकला ठाऊक होतं.

"सोमवारी दुपारी या घरातून दोन गोष्टी गेल्या," त्याने सुरुवात केली. "एक पुस्तक आणि एक रांजणभर पाणी. सगळे पुस्तकामागे लागले. मी पाण्यामागे लागलो. पुस्तक चोरणाऱ्याला पाणी कशाला लागतं? उत्तर या रेहलवर आहे. हा पुन्हा पुन्हा धुतलेला आहे आणि एकदा मातीने घासलेला आहे. मातीचं एक पाणी आणि साधी किती, रफिक?"

रफिकचं तोंड उघडं राहिलं. "सहा. मिळून सात. पण ते तर—"

"ते आपल्या कोकणातल्या मुसलमानांत. आपण शाफई पंथाचे. कुत्रा किंवा डुक्कर ओल्या अंगाला लागलं की सात पाणी, त्यातलं एक मातीचं. जहूर हनफी, वली हनफी. त्यांच्यात ही रीत नाही; त्यांनी धुतलं असतं तर माती घेतली नसती. मग राहिली दोन माणसं. झुबेदाआपा आणि मोहिद्दीनचाचा."

"हमदुल्ला, बेटा," मोहिद्दीन उठत म्हणाला, "मीच सांगतो, मला—"

"एक मिनिट, चाचा. पूर्ण होऊ द्या."

मोहिद्दीन पुन्हा बसला.

"पण या घरात डुक्कर आलं कुठून? या पत्रातून. श्वाइन्सलेडर. श्वाइन म्हणजे इंग्रजीतलं स्वाइन, डुक्कर; लेडर म्हणजे लेदर, कातडं. जर्मनीत जुनी पुस्तकं डुकराच्या कातड्यात बांधायचे. ब्रून्ससाहेबांनी आज मला हे कबूल केलं. जहूरने तो शब्द अक्षर अक्षर टाइप केला, पण त्याला कळला नाही. आपा तेव्हा तिथे नव्हत्या. तिथे एकच माणूस असा होता, ज्याला जर्मन चार शब्द येतात, आणि चौथा तो जेवायला बसताना विचारायचा. अकरा वर्षं प्रत्येक ताटावर ज्याने 'श्वाइन?' म्हणून विचारलं, त्याला तो शब्द चहा पिताना कानावर आला. चहा अर्धा राहिला. ज्या रेहलवर त्याची बायको कुराण वाचायची, त्यावर दोन वर्षं काय ठेवलं होतं, ते त्याला त्या क्षणी कळलं."

हमदुल्लाने रेहलवर बोट टेकवलं.

"सोमवारी साहेब बाहेर गेल्यावर ते आले. रेहल सात पाण्यांनी धुतला. रुमालाखाली दुसरं पुस्तक ठेवलं, पळायला वेळ मिळावा म्हणून. बखर खाडीत बुडवली. आणि मंगळवारी पहाटे दुबई गाठली. वली किल्ल्यात गेला तो त्यांच्यामुळे. चाचा, आता बोला."

 मोहिद्दीनने गाठोड्याची गाठ सोडायला घेतली. शिडं शिवणारी ती जाड बोटं, पण गाठ सुटेना.

"दोन वर्षं मी या खोलीत चाच्यांच्या गोष्टी ऐकल्या," तो म्हणाला. "तू मला मघापासून चाचा म्हणतोयस, हमदुल्ला. कुठल्या अर्थाने म्हणत होतास ते आत्ता कळलं."

गाठ सुटली. आत पुस्तक होतं.

नव्या बकऱ्याच्या कातड्यात बांधलेलं. टाके शिडाचे, पण इतके बारीक आणि सारखे, की झुबेदाच्या तोंडून 'सुभानल्ला' निघालं. जुनी पितळी कुलुपं घासून पुन्हा जागच्या जागी बसवली होती.

"सोमवारी जुनं कातडं उसवलं आणि खाडीत सोडलं," मोहिद्दीन म्हणाला. "पानं धुतलेल्या कापडात ठेवली. दुबईत एका मोच्याकडून कमावलेलं कातडं घेतलं आणि त्याच्याच दुकानात बसून शिवलं. वाटलं, साहेब शुक्रवारीच उघडतात, त्याआधी ठेवून देईन. विचारलं तर म्हणेन, म्युझियममध्ये जायचंय, नवा कपडा घातला. साहेबांना सांगायचं नव्हतं मला. तुम्ही माझ्या घरवालीच्या रेहलवर काय ठेवलंत, असं तोंडावर म्हटलं असतं, तर ते पुन्हा माझ्यासोबत चहाला बसले असते का? वलीचं मला धक्क्यावर उतरल्यावर कळलं. आल्या आल्या सांगणार होतो."

 हमदुल्लाचा प्रत्येक धागा बरोबर होता. माणूस तेवढा चुकला होता. दोनदा हा म्हातारा आपणहून सांगायला उठला होता आणि दोनदा त्याने त्याला खाली बसवलं होतं, केवळ स्वतःचं भाषण अर्ध्यावर राहू नये म्हणून. एका माणसाने मित्राची लाज झाकायला केलेलं काम त्याने चार लोकांत चोरी म्हणून वाचून दाखवलं होतं.

"चाचा, माझं चुकलं," तो म्हणाला. ते पुरेसं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

"खलास," अहमद म्हणाला. "पुस्तक घरातच होतं, चोरी झालीच नाही. वलीला मी सोडवून आणतो." आणि तो बाहेर पडला.

ब्रून्सने पुस्तक हातात घेतलं. दोन्ही कुलुपं उघडली. पहिलं पान न उघडता त्याने आधी पुठ्ठाच उलटला आणि त्याच्या आतल्या बाजूला बघितलं. तिथे कोरं तांबूस कातडं होतं. त्याने त्यावर तळहात फिरवला, एकदा, दोनदा.

"फार सुंदर काम आहे, मोहिद्दीन," तो म्हणाला. "मला कातडं कसलं ते ठाऊक होतं. दोन वर्षांत एकदाही मनात आलं नाही. माफ कर."

"तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

"नाही. उलट आधीपेक्षा चांगलं दिसतंय."

दोघांनी हात मिळवले, आणि मोहिद्दीनने ब्रून्सचा हात बराच वेळ सोडला नाही. झुबेदाने चहा टाकला. थोड्या वेळापूर्वी या खोलीत कुणाचं काय फाटलं होतं, ते टाक्यांखाली दिसेनासं झालं.

ब्रून्स हमदुल्लाला लँडरोव्हरपर्यंत सोडायला आला. तिथे थांबून म्हणाला, "तुम्ही हुशार आहात. म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो, नाहीतर कधीतरी शोधून काढाल आणि मोहिद्दीनला सांगाल. महायुद्धाच्या दिवसांत मी हांबुर्गच्या बंदरावर रात्रपाळी करायचो. एकदा घरी आलो, तर हे पुस्तक टेबलावर उघडं होतं. बायकोला कागद मिळाला नव्हता. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, कातड्यावर, तिने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'मुलं झोपली आहेत. दार हळू लाव.' मी रागावलो होतो तिच्यावर, जुन्या पुस्तकावर लिहिलंस म्हणून. तीन आठवड्यांनी घरावर बॉम्ब पडला. पुस्तक त्या दिवशी माझ्या ऑफिसात होतं. तिच्या हातचं तेवढंच राहिलं होतं."

ब्रून्सने एकदा मागे घराकडे पाहिलं.

"त्याला कळता कामा नये," ब्रून्स म्हणाला आणि घरात चहाला परत गेला.

रफिक गाडी सुरू करत होता, तेवढ्यात मोहिद्दीन मागून आला. तो वलीला भेटायला किल्ल्याकडे निघाला होता. त्याची माफी मागितल्याशिवाय घास उतरणार नाही म्हणत होता. तो खिडकीशी वाकला.

"बेटा, मघाचं सोड. तुझ्या कामात तू बरोबर होतास. एक विचारायचंय. ते जुनं कातडं पाण्यात सोडताना आतून पेन्सिलीचं काही दिसलं. दोन ओळी. मला वाचता येत नाही. सोडून दिल्यावर मनाला लागलं, कुणाला तरी दाखवायला हवं होतं. दोन दिवस तेच डोक्यात आहे. साहेबांचं काही कामाचं तर नव्हतं?"

हमदुल्लाने म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आयुष्यभर त्याने खरं काय ते लोकांसमोर मांडलं होतं, आणि दर वेळी ते मांडताना त्याला बरं वाटलं होतं.

"पुस्तकविक्याने किंमत लिहिली असेल, चाचा," तो म्हणाला. "जुन्या पुस्तकांवर लिहितात."

"साहेब काही बोलले?"

"काही नाही."

"शुकर अल्लाचा," मोहिद्दीन म्हणाला. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. तो सरळ होऊन किल्ल्याच्या दिशेने चालू लागला, वळला, आणि हात हलवून पुन्हा चालू लागला.

गाडी वाळूला लागली. भरती सुरू झाली होती. रफिकला पाणी चुकवत चालवावं लागत होतं.

"ती खरंच किंमत होती?" त्याने विचारलं.

"हो रे, किंमतच होती," हमदुल्ला म्हणाला.